खिशात मावणारा जीव

आम्ही काही लेखक नव्हे. आमच्यातला एक रात्रपाळीचा सुरक्षा रक्षक, तर दुसरी अंगणवाडीत मदतनीस. पण २०२५ च्या उन्हाळ्यात एका लहानशा प्राण्यावरून आमच्या घरात जे घडले, त्यातून आम्ही नवरा-बायको बरेच काही शिकलो. आज ना उद्या तुमचीही मुले हाच प्रश्न घेऊन तुमच्यापुढे उभी राहतील. म्हणून दोघांनी मिळून हे लिहायला घेतले.

त्या मे महिन्यात आमच्या थोरल्याचा दहावीचा निकाल लागला. ८१ टक्के. आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांत दहावीला एवढे गुण मिळवणारा तो पहिलाच. इमारतीत पेढे वाटले. आजीने त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर पोरगा आमच्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "आता तुमचा शब्द."

शब्द आम्ही दिला होता, हे खरे. परीक्षेच्या आधी डिसेंबरात बोलून गेलो होतो, "पंच्याहत्तरच्या वर गुण आण, तू मागशील ते देऊ." पोस्टातली आरडी मार्चमध्ये संपणार होती. आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्या देण्याला न बांधलेले चार पैसे हाती येणार होते. त्या भरात तोंडातून शब्द गेला. आम्हाला वाटले होते, सायकल मागेल, फार तर मोबाईल मागेल.

त्याने मागितला शुगर ग्लायडर.

आम्हाला आधी वाटले, हा पतंगाचा किंवा खेळण्यातल्या विमानाचा काही प्रकार असावा. मग त्याने मोबाईलवर दाखवले. राखाडी रंगाचा, मुठीत मावेल एवढा प्राणी. कपाळापासून पाठीवर गेलेला काळा पट्टा, मोठे काळेभोर डोळे, लांब झुबकेदार शेपटी. एक मुलगी हात पुढे करते, तो कपाटावरून हात-पाय पसरून झेप घेतो आणि अलगद तिच्या तळहातावर येऊन बसतो. मग शर्टाच्या खिशात शिरून झोपतो. खोटे कशाला सांगा, आम्हालाही तो आवडला. धाकटी तर टाळ्याच पिटायला लागली.

आजीने चष्मा लावून पाहिले. "आरं, ही तर खार हाय की! खार का कुणी इकत घेतं?"

"खार नाही आजी, परदेशातला प्राणी आहे."

"मंग त्यो हितं कशाला आला?"

आजीच्या या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमचा पुढचा महिना गेला.

त्या दिवशी मात्र आमच्या तोंडून निघाले ते "नाही." घर आपले २६९ फुटांचे, एसआरएच्या इमारतीतले. एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, मोरी-संडास. त्यात आपण पाच माणसे. पिंजरा काय डोक्यावर ठेवणार?

पोरगा चिडला नाही, ओरडला नाही. ओरडला असता तर बरे झाले असते. तो हळू आवाजात म्हणाला, "मला माहीतच होतं. मोठ्या लोकांची मुलं काहीही मागतात. आपल्याकडे आधीपासून नाहीच. पैसे नाहीत, जागा नाही, वेळ नाही. या वेळी तर पैसे आहेत ना? तरी नाहीच?"

आम्ही गप्प झालो. कारण पोरगा खोटे बोलत नव्हता.

मुलाचे बाबा सहावीत असताना शाळेची सहल निघाली होती. चाळीस रुपये भरायचे होते. आजोबांची गिरणी १९८२ च्या संपात सुटली ती सुटलीच, त्यानंतर ते मिळेल ते काम करत होते. त्यांनी सांगितले, "पुढच्या वर्षी." ते पुढचे वर्ष कधी आले नाही. मुलाच्या आईला नवी कंपासपेटी हवी होती. तिने थोरल्या बहिणीची, झाकण तुटलेली, दोरीने बांधलेली पेटी दहावीपर्यंत वापरली. आम्हा दोघांच्याही बालपणात 'नाही' या शब्दाला कारण लागत नसे. पैसे नाहीत, संपले. त्यापुढे बोलायचे नाही.

त्या रात्री आमच्या लक्षात आले की, हीच सवय आमच्याही जिभेला लागली आहे. हातात पैसे नसले की विचार करावा लागत नाही. पैसे नाहीत, एवढे उत्तर पुरते. आता पैसे होते, म्हणून 'नाही' म्हणायचे तरी कारण द्यावे लागणार होते. आणि 'हो' म्हणायचे तरीही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला शंभर पानी वही आणून दिली. सांगितले, "आम्ही कालचा नकार मागे घेतो. होकारही देत नाही. हा प्राणी काय आहे, कुठला आहे, काय खातो, किती जगतो, त्याला काय लागते, सगळे या वहीत लिही. आम्हीही चौकशी करतो. मग तिघे बसून ठरवू." त्याने वही घेतली. पहिल्या पानावर सुंदर अक्षरात तारीख घातली.

पहिल्या रविवारी त्याला घेऊन दुकानात गेलो. दुकानाचे नाव सांगत नाही. भर दुपारची वेळ. ट्यूबलाइटच्या उजेडात, पोपटाच्या असतात तशा एका लहान पिंजऱ्यात तीन शुगर ग्लायडर एकमेकांवर गोळा होऊन बसले होते. दुकानदाराने काठीने पिंजरा हलवला, तेव्हा आतून यंत्र करकरल्यासारखा चिरका आवाज आला. धाकटी घाबरून मागे सरली. "खूश होऊन ओरडतो," दुकानदार म्हणाला. तो आवाज ते घाबरले की काढतात, हे पुढे आम्हाला कळले.

एकाचे बारा हजार, जोडीचे बावीस. "खर्च काहीच नाही. केळं, सफरचंद द्या, थोडी बाळांची पावडर द्या. एकच न्या. एकटा राहिला की माणसाला जास्त लळा लावतो."

आम्ही विचारले, "हा आला कुठून? काही कागदपत्र?"

"इथंच पैदास होते. याला लायसन-बियसन लागत नाही."

"मग बिल?"

तो हसला. आमच्या चपलांकडे बघून म्हणाला, "घ्यायचाय का नुसतं बघायला आलाय?"

आमचा थोरला तिथे काही बोलला नाही. घरी आल्यावर वहीत त्याने लिहिले, "बिल नाही. एकच न्या म्हणतो. का?"

त्या 'का'चे उत्तर आम्हाला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे मिळाले. वस्तीपासून जवळच त्यांचा दवाखाना आहे. कुत्री-मांजरे घेऊन लोक बसले होते, आम्ही तिघे रिकाम्या हाताने. आमचा नंबर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "पेशंट कुठे आहे?" आम्ही म्हणालो, "अजून आणला नाही. आणावा का, हे विचारायला आलोय." डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, "आणण्याआधी कोणी विचारायला येत नाही हो. सगळे आजारी पडल्यावर येतात." त्यांनी आमच्याकडून फी घेतली नाही आणि अर्धा तास दिला.

त्यांनी सांगितले ते असे. हा प्राणी खारीसारखा दिसतो, पण खारीचा कोणी नाही. तो कांगारूच्या कुळातला, म्हणजे पोटाशी पिशवी असलेला. सोळा दिवसांत पिल्लू जन्मते, ते तांदळाच्या दाण्याएवढे. तिथून ते आईच्या पिशवीत शिरते आणि जवळपास सत्तर दिवस आतच वाढते. पूर्ण वाढला तरी वजन शंभर ते दीडशे ग्रॅम. पुढच्या पायाच्या बोटापासून मागच्या पायापर्यंत चामडीचा पडदा असतो. तो पसरला की एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पन्नास मीटरपर्यंत, म्हणजे दीडशे फुटांवर, तो तरंगत जातो. आपल्या सह्याद्रीतही उडती खार आहे, ती अशीच तरंगते. पण ती खरोखरची खार. दोघांची सवय सारखी, गोत वेगळे.

जंगलात सहा-सात मोठे आणि त्यांची पिल्ले असे एकाच झाडाच्या ढोलीत राहतात. पाने आणून आत बिछाना करतात. थंडी वाढली की एकमेकांना बिलगून झोपतात. नराच्या डोक्यावर वासाची ग्रंथी असते. तो आपल्या सोबत्यांना डोके घासतो, आणि त्या वासावरून आपला कोण, परका कोण, हे त्यांना कळते. "असा प्राणी एकटा ठेवला तर तो तुम्हाला लळा लावणारच," डॉक्टर म्हणाले. "दुसरं कोणी नसतंच त्याला. काही तर स्वतःचेच केस उपटतात, शेपटी कुरतडतात. आणि दोन आणलेत, नर-मादी, तर नराचं ऑपरेशन करा, नाही तर पिल्लं सांभाळा."

खाण्याचे विचारले. जंगलात तो बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक खातो, निलगिरीची साल कुरतडून आतला गोड रस चाटतो, फुलांतला मध आणि पराग खातो, किडे-नाकतोडे खातो. गोडाची ही आवड म्हणूनच त्याचे नाव शुगर. पण नुसते केळे-सफरचंद दिले तर शरीरातले कॅल्शियम कमी पडते, हाडे ठिसूळ होतात आणि मागचे पाय लुळे पडतात. "माझ्याकडे एक आणला होता," डॉक्टर म्हणाले. "मागचे दोन्ही पाय ओढत चालत होता. घरातले रडत होते. प्रेम कमी नव्हतं. केळं जास्त होतं."

हे वाक्य आमच्या थोरल्याने वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

वही भरत चालली. आजीच्या 'हितं कशाला आला' या प्रश्नापाशी तो अडकला होता, त्यासाठी त्याने शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना गाठले, मोबाईलवर वाचले. हा प्राणी ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी बेटाचा. ऑस्ट्रेलिया आपले जंगली प्राणी जिवंत विकायला देशाबाहेर जाऊ देत नाही. मग जगभर पाळले जातात ते आले कुठून? २०१९ साली संशोधकांनी अमेरिकेतल्या पाळीव ग्लायडरांचा डीएनए तपासला. त्यांचे मूळ निघाले इंडोनेशियाच्या ताब्यातल्या पश्चिम पापुआत, सोराँग शहराच्या आसपासच्या जंगलात. अमेरिकेतसुद्धा कॅलिफोर्निया, अलास्का आणि हवाई या राज्यांत तो पाळायला बंदी आहे.

आणखी एक गोष्ट त्याने वाचून दाखवली. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया बेट आहे. तिथे हा प्राणी मुळात नव्हता. एकोणिसाव्या शतकात माणसांनी नेला. आज तिथे तो ढोलीत अंडी उबवणाऱ्या स्विफ्ट पॅरट जातीच्या पोपटांची अंडी-पिल्ले आणि अंड्यांवर बसलेली मादीसुद्धा खातो. ती पोपटांची जात आता नामशेष व्हायच्या बेतात आहे. आपल्या ठिकाणी जो गरीब जीव, तोच नको तिथे नेऊन सोडला की दुसऱ्याच्या मुळावर येतो.

आम्ही या विचारात असतानाच जूनमध्ये बातमी आली. थायलंडहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात कस्टमला सरडे, पक्षी, झाडावर राहणारे पिशवीवाले प्राणी असे शंभराच्या आसपास जीव सापडले. परदेशातून जिवंत प्राणी आणायचा तर सरकारी परवानगी लागते, रोगतपासणी लागते. ते चुकवायचे म्हणून बॅगेत कोंबतात. पोहोचले ते विकायचे, मेले ते फेकायचे. आमच्या दुकानदाराचा माल असाच आला होता, असे आम्ही म्हणत नाही. खरेच इथे पैदास झालेला असेल. पण ज्याच्यापाशी साधे बिल नाही, त्याच्या बोलण्यावर विश्वास कसा ठेवायचा? चोरीचा मोबाईल स्वस्तात मिळाला तरी आपण घेत नाही. मग जिवाच्या बाबतीत एवढी तरी चौकशी नको का?

इतके सगळे कळले तरी निर्णय होत नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगतो. एका रात्री आम्ही दोघे बोलत बसलो होतो. पहिले शील जीव घेऊ नये, असे सांगते. इथे तर आम्ही जीव लावणार होतो. दुकानातल्या त्या तिघांतला एक जरी आपल्या घरी आला, चांगले खाऊ लागला, तर त्याचे भलेच नाही का होणार? आपण नाही घेतला तर दुसरा कोणीतरी घेईल आणि केळी खाऊ घालून मारील. या प्रश्नाने आम्हाला खूप छळले. उत्तर दिले ते आजीने, तेही आडून.

आजी लहान असताना तिच्या भावाने आंब्याच्या ढोलीतून पोपटाचे पिल्लू काढून आणले होते. तेव्हा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व्हायचा होता. आज आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. आजी सांगू लागली, "लई जीव लावला आम्ही त्याला. डाळ, मिरची, पेरू. पिंजरा पुसायला मी दार उघडलं, तर त्यो भुर्रकन पत्र्यावर जाऊन बसला. उडंल वाटलं. त्याला उडायचंच कळंना. कावळ्यांनी माझ्या डोळ्यांदेखत फोडला त्याला." आजी थोडा वेळ थांबली. "मी म्हनायची, दार उघडलं ही माजी चूक. पर भावानं दुसऱ्या वर्षी त्याच ढोलीतनं दुसरं पिल्लू आनलं. पिंजरा मोकळा हाय म्हनून."

पिंजरा मोकळा आहे म्हणून! दुकानदाराचेही तसेच. आम्ही एक उचलला की त्याचा पिंजरा मोकळा होणार आणि तिथे चौथा येणार. त्या एकाचे भले आम्ही कदाचित केले असते, पण त्याच पैशाने पुढच्याला बोलावणेही आम्हीच धाडले असते.

तरीही थोरला अडून होता. त्याने हिशेब मांडला होता. उंच पिंजरा, योग्य खाणे, नराचे ऑपरेशन, डॉक्टरांची फी, सगळे धरून आरडीचे पैसे जेमतेम पुरत होते. पाळलेला ग्लायडर दहा-बारा वर्षे जगतो. त्यापुढे त्याने लिहिले होते, "तेव्हा मी २८ वर्षांचा. नोकरी लागलेली असेल." आणि 'कोण करणार' या रकान्यात प्रत्येक ओळीला एकच शब्द, "मी." आम्हाला त्याचे कौतुक वाटले आणि धास्तीही वाटली. एवढी मेहनत करणाऱ्या मुलाला नाही कसे म्हणायचे?

शेवटी मुलाच्या बाबांनी सुचवले, "पिंजरा ठेवणार कुठे, ते तरी दाखव." त्याने टेप आणून मोजले. दारापासून खिडकीपर्यंत घर २२ फूट. दीडशे फूट तरंगणाऱ्या प्राण्याला आमची सगळी खोली एका उडीलासुद्धा पुरत नव्हती. पिंजऱ्याला जागा एकच होती, खिडकीजवळचा कोपरा, जिथे बाबांची गादी असते. बाबा म्हणाले, "हा रात्रीचा प्राणी. दिवसा झोपणार. उद्या दिवसभर त्या कोपऱ्यात बस आणि त्याला काय काय ऐकू येईल, ते लिही."

मुलाचे बाबा बावीस वर्षे रात्रपाळी करतात. सकाळी नऊला घरी येतात, चहा घेतात आणि झोपतात. मुले लहान होती तेव्हा आईने पुठ्ठ्यावर 'बाबा झोपलेत' असे लिहून दाराच्या कडीला अडकवले होते. ते पाहून दुधवाला, शेजारचे, मुलांचे मित्र हळू बोलतात. तो पुठ्ठा आजही आहे. अक्षरे पुसट झाली की धाकटी स्केचपेनाने गिरवते.

दुसऱ्या दिवशी पोरगा त्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला. आई अंगणवाडीत, बाबा शेजारी गादीवर, डोळ्यांवर टॉवेल. त्याने काय लिहिले, ते आम्ही नंतर वाचले. ते जसेच्या तसे देतो.

"९.४० पडद्यातून ऊन आलं. १०.२० वरच्या मजल्यावर ड्रिल मशीन. १०.४५ भंगारवाला. ११.१० कुकरच्या चार शिट्ट्या. ११.३० पॅसेजमध्ये पोरांचा बॉल दारावर. १२.०५ धाकटीने टीव्ही लावला, मी बंद करायला सांगितला. १२.३० परत ड्रिल. १.१५ कुरिअरवाल्याने बेल वाजवली, पुठ्ठा वाचला नाही. २.०० खाली गाडीचा हॉर्न. बाबांनी आतापर्यंत चौदा वेळा कूस बदलली. मला वाटायचं बाबा दिवसभर झोपतात."

संध्याकाळी चहाच्या वेळी तो बराच वेळ कपातच बघत बसला. मग म्हणाला, "बाबा, तुम्हाला निदान ओरडता तरी येतं, गप्प बसा म्हणून. दारावर पाटी लावता येते. सुट्टीच्या दिवशी रात्री झोपता येतं. त्याला यातलं काहीच नाही." मग जरा थांबून म्हणाला, "त्या व्हिडिओतली मुलगी त्याला दिवसा उठवूनच उड्या मारायला लावते. मी पण तेच करणार होतो. मित्रांना दाखवायला."

आम्ही काही बोललो नाही. मुलाच्या बाबांनी चहा संपवला, डबा घेतला आणि कामावर गेले. जाताना त्याच्या डोक्यावर हात ठेवून गेले. नंतर फोनवर आईला म्हणाले, "बावीस वर्षांत माझी झोप कोणी मोजली नव्हती."

असा निर्णय झाला. आमच्या घरात शुगर ग्लायडर आला नाही.

आता आमची चूक सांगतो, कारण ती तुम्ही करू नये. 'तू मागशील ते देऊ' असा शब्द मुलांना कधी देऊ नका. आपल्याला लहानपणी मिळाले नाही, म्हणून आपण एकदम सगळे आकाशच देऊ पाहतो. ती आपली भूक असते, मुलाची नव्हे. शब्द द्यायचाच तर आपल्या हातात आहे तेवढ्याचा द्या. दुसरा जीव आपल्या हातात नसतो.

दुसरे असे की, मुलाला नकार द्यायचा तर कारण शोधून द्या. 'परवडत नाही' हे कारण खरे असेल तेव्हा जरूर सांगा, त्यात लाज नाही. पण प्रत्येक नकाराला तेच कारण चिकटवले, तर मुलाच्या मनात एकच गोष्ट बसते, की पैसे असलेल्यांना सगळे करता येते आणि सगळे शोभते. आमच्या थोरल्याला आता कळले आहे की, बावीस हजार खिशात असतानाही एखादी गोष्ट घेऊ नये असे वाटू शकते. हे त्याला आम्ही सांगून पटले नसते. वही भरून पटले.

आणि तुमच्या घरात एखादा प्राणी यायचाच असेल, तर आणण्याआधी एवढे विचारा. तो रात्रीचा की दिवसाचा? एकटा राहणारा की कळपातला? रोज काय खाणार आणि ते कोण आणणार? किती वर्षे जगणार, आणि तोपर्यंत घरात कोण असणार? आजारी पडला तर बघणारे डॉक्टर जवळ आहेत का? विकणारा बिल देतो का? कायदा काय म्हणतो? पोपट, मुनिया, पाठीवर चांदण्या असलेले कासव, हे आपल्याकडचे प्राणी तर पाळताच येत नाहीत. परदेशी प्राण्यांचेही २०२२ च्या दुरुस्तीनंतर नियम कडक झाले आहेत. आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या जातींची सरकारदरबारी नोंद करावी लागते. वनखात्यात विचारायला पैसे पडत नाहीत.

थोरला आता अकरावी विज्ञानला आहे. पैसे पुन्हा पोस्टात टाकले. त्याने अजून काही मागितलेले नाही, आम्हीही आठवण करून दिलेली नाही. शब्द तेवढा उभा आहे. घरात एक फरक मात्र पडला. दुपारी इमारतीत कोणी ड्रिल लावले की तो वर जाऊन, चार वाजल्यानंतर लावा, असे सांगून येतो. पहिल्यांदा त्याला लोक हसले. आता ऐकतात.

परवा धाकटीने कासव मागितले. आम्ही तोंड उघडायच्या आत थोरला उठला, कपाटावरून ती शंभर पानी वही काढली आणि कोरे पान उघडून तिच्यापुढे ठेवली. म्हणाला, "आधी तारीख घाल."